नांदूर मधमेश्वर
नांदूर मधमेश्वर : महाराष्ट्रातील गोड्या पाण्याची एक महत्त्वाची पाणथळ जागा व पक्षी अभयारण्य. नासिक शहराच्या पूर्वेस सु. ४० किमी. वर निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा या नद्यांच्या संगमाजवळ ती वसली आहे. नांदूर हे गाव व तेथील मध्यमेश्वराचे मंदिर यांवरून हे नाव पडले. मारीच या मायावी मृगाचा वध रामाने या परिसरात केला, अशी स्थानिक आख्यायिका असून मृगव्याधेश्वराचे मंदिर तिच्याशी निगडित आहे.

पाणथळीस नैसर्गिक सरोवराचा आधार नाही. दख्खनच्या पठारावर लाव्ह्यापासून बनलेल्या खडकांच्या उतारांवरून पावसाचे पाणी वेगाने वाहून जाते आणि सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील उन्हाळा उरलेले पाणी आटवतो. त्यामुळे इंग्लंडच्या पूर्व भागात दिसतात तशा कायम ओलसर, पीटच्या थरांवर वाढलेल्या दलदली येथे सहसा निर्माण होत नाहीत. पीट हा अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर होय. तो साचण्यासाठी वर्षभर पाण्याने भरलेली जमीन लागते. येथे उन्हाळ्यात उघडी पडणारी माती हवेच्या संपर्काने तापते व तिच्यातील वनस्पतिजन्य द्रव्य लवकर कुजून जाते. पठारावर दलदल आढळते ती बहुधा माणसाने पाणी अडविले आहे अशा ठिकाणी. नांदूर मधमेश्वर हे त्याचे उत्तम उदाहरण आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात ब्रिटिश शासनाने संगमालगत दगडी बंधारा बांधला. अवर्षणग्रस्त भागास पाणी पुरविणे एवढाच त्याचा हेतू होता. तेथून निघणाऱ्या गोदावरी डाव्या व उजव्या कालव्यांनी निफाड, कोपरगाव, राहाता या भागांतील शेतीचे स्वरूप पालटले. बंधारा उंच नसल्याने पाण्याचा फुगवटा पसरट व उथळ झाला. इगतपुरीकडील डोंगराळ भागात वर्षाकाठी ३,००० मिमी. हून अधिक पाऊस पडतो, तर निफाडच्या परिसरात तो ५०० मिमी. च्या आसपास असतो. डोंगरातून आलेल्या पुराचा वेग बंधाऱ्यापाशी मंदावतो व पाण्यातील गाळ तळाशी बसतो. अनेक दशकांच्या या क्रियेने फुगवट्यात गाळाची बेटे, चिखलाचे सपाट पट्टे व अर्धवट बुडालेली कुरणे तयार झाली. साठवणक्षमता घटविणारा गाळ हा पाटबंधाऱ्याच्या दृष्टीने दोष असला, तरी पाणथळीचा पाया त्यानेच घातला. गाळ काढावा की राहू द्यावा, हा येथील जुना व अजूनही न सुटलेला प्रश्न आहे.

पाण्याच्या पातळीवर येथील जीवसृष्टीचे वेळापत्रक ठरते. पावसाळ्यात सर्व भाग पाण्याखाली जातो. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरासारख्या प्रसंगी फुगवट्याचे रूप नदीहून वेगळे उरत नाही. पावसाळा सरल्यावर दारणा, गंगापूर इ. धरणांतून सोडलेले पाणी येथे येते व आवर्तनाप्रमाणे कालव्यांत जाते. त्यामुळे पातळी वरचेवर चढते-उतरते. पाणी उतरले की ओला चिखल उघडा पडतो आणि त्यातील अळ्या, कृमी, गोगलगायी पक्ष्यांच्या हाती लागतात. पाणी दीर्घकाळ तुडुंब राहिले, तर चिखलात चोच खुपसून खाणाऱ्या पक्ष्यांची उपासमार होते. पाणी लवकर संपले, तर बदके निघून जातात.

वनस्पती : काठालगत पाणकणीस व लव्हाळा यांची दाटी असते. त्यांच्या आत, उथळ पाण्यात, हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया यांसारख्या बुडून वाढणाऱ्या वनस्पती असतात. त्या बदकांचे प्रमुख खाद्य होत. काठावरील बाभळींवर बगळे व करकोचे विसावतात. दक्षिण अमेरिकेतून आलेली जलपर्णी मात्र येथील सर्वांत त्रासदायक वनस्पती आहे. नासिक शहर व परिसरातील सांडपाण्यातून येणाऱ्या नायट्रोजन व फॉस्फरसयुक्त द्रव्यांवर ती झपाट्याने वाढते. तिच्या गालिच्याखाली सूर्यप्रकाश पोहोचत नाही, पाण्यातील प्राणवायू कमी होतो व बुडीत वनस्पती मरतात. ती काढून टाकली, तरी सांडपाणी येत राहिल्यास काही महिन्यांत पुन्हा पसरते. नुसत्या काढणीवर होणारा खर्च म्हणूनच फारसा सार्थकी लागत नाही.

पक्षी : येथे २३० हून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत. हिवाळ्यात उत्तर व मध्य आशियातून थापट्या, तलवार बदक, भुवई बदक, चक्रवाक व पट्टकादंब येतात. निफाडची थंडी प्रसिद्ध असून काही वर्षी तेथील किमान तापमान ५° से. च्याही खाली जाते, परंतु मूळ प्रदेशातील जलाशय गोठून गेलेल्या या पक्ष्यांना ती सौम्यच वाटत असावी. हळदी-कुंकू बदक, जांभळी पाणकोंबडी, कमळपक्षी हे येथील रहिवासी होत. कपाळावरील पांढऱ्या पट्ट्यामुळे गंध लावल्यासारखा दिसणारा वारकरी पक्षी हिवाळ्यात मोठ्या थव्यांनी आढळतो.

एवढ्या जाती एकाच जागी राहू शकतात याचे कारण पाण्याची खोली व चोचीची घडण यांच्या संबंधात आहे. पाणलावा काठच्या मऊ चिखलात लांब चोच खुपसतो. शेकाट्या लांब पायांवर घोटाभर पाण्यात हिंडतो. चमचा पक्षी चपटी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवून लहान मासे व कीटक टिपतो. थापट्याच्या रुंद चोचीच्या कडांवर गाळणीसारखे दाते असल्याने तो पृष्ठभागावरील सूक्ष्म जीव गाळून घेतो. वारकरी अधिक खोल पाण्यात बुडी मारून वनस्पती वर आणतो. मुग्धबलाकाच्या चोचीत मधे फट असते व तिचा उपयोग गोगलगायी पकडण्यासाठी होतो. कमळपक्ष्याचे वर्तन विशेष लक्षणीय आहे. त्याची लांबच लांब बोटे शरीराचा भार तरंगत्या पानांवर विभागून टाकतात. त्याच्या काही जातींत मादी अनेक नरांशी संग करते, तर अंडी उबविणे व पिले सांभाळणे ही कामे नराकडे असतात. या सर्वांवर दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालतो. तो आला की वारकऱ्यांचे थवे एकवटतात, हे दृश्य निरीक्षण मनोऱ्यांवरून सहज दिसते.

पक्ष्यांच्या हिवाळी गणनेचे आकडे वाचताना सावधगिरी बाळगावी लागते. राज्यात सर्वत्र चांगला पाऊस झालेल्या वर्षी पक्षी लहानमोठ्या तलावांवर विखुरतात व येथील संख्या घटते. अवर्षणात इतर तलाव आटल्यामुळे ती वाढलेली दिसते. एका वर्षाच्या आकड्यावरून पाणथळीच्या प्रकृतीचा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते.

इतर प्राणी : सस्तन प्राण्यांत पाणमांजर, कोल्हा, मुंगूस, उदमांजर यांचा समावेश होतो. आसपासच्या उसात बिबट्याही आढळतो. देवळालीच्या परिसरातील नमुन्यांवरून १९३८ मध्ये वर्णिलेला ‘देवळाली मिनो’ हा छोटा मासा अतिसंकटग्रस्त असून गोदावरीच्या वरच्या खोऱ्याबाहेर त्याची विश्वसनीय नोंद नाही. लांब चोचीचे गिधाड व पांढऱ्या पाठीचे गिधाड यांच्याही नोंदी आहेत. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे भारतात गिधाडांची संख्या झपाट्याने घटली, म्हणून २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली.

संरक्षण : शासनाने १९८६ मध्ये या भागास वन्यजीव अभयारण्य घोषित केले. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनी यास ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ म्हटल्याचे सांगितले जाते. ही तुलना एका वेगळ्या अर्थानेही योग्य आहे, कारण भरतपूरची पाणथळही मानवनिर्मित बांधामुळेच अस्तित्वात आली. इराणमधील रामसर येथे १९७१ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत नांदूर मधमेश्वरचा समावेश २०१९ मध्ये झाला व जानेवारी २०२० मध्ये तो जाहीर करण्यात आला. महाराष्ट्रातील हे पहिले रामसर स्थळ असून त्यानंतर लोणार व ठाणे खाडी यांची भर पडली. अभयारण्याचे क्षेत्र सु. १०० चौ. किमी., तर रामसर स्थळाचे १,४३७ हेक्टर आहे. म्हणजे उरलेल्या क्षेत्रात मुख्यतः शेती व गावे येतात आणि द्राक्ष, ऊस व कांदा पिकविणारा शेतकरी अभयारण्याच्या आत राहतो. पिकांवर उतरणारी बदके व जांभळ्या पाणकोंबड्या हा त्याच्या दृष्टीने तोट्याचा विषय आहे, हे संरक्षणाची योजना आखताना विसरता येत नाही.

मराठवाड्याशी संबंध : बंधाऱ्यापासून निघणाऱ्या जलद कालव्याने वैजापूर व गंगापूर तालुक्यांना पाणी मिळते, तर नदीपात्रातून जाणारे पाणी पैठणच्या जायकवाडी जलाशयात पोहोचते. वरच्या धरणांतून खाली किती पाणी सोडावे याविषयी नासिक, अहिल्यानगर व मराठवाडा यांत दीर्घकाळ वाद चालू आहे. २००५ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ मध्ये समन्यायी वाटपाचा आदेश दिला. वाटपाचा हिशेब पिण्याचे पाणी, उद्योग व सिंचन यांभोवती फिरतो. पाणथळीस केव्हा व किती पाणी हवे, हे त्यात गौणच राहते.

मराठवाड्याच्या आग्नेय भागात निलंगा परिसरातील तेरणा व मांजरा या नद्यांवरही बंधारे आहेत. त्यांच्या फुगवट्यांच्या कडेला पाणकणीस, वारकरी व पाणकोंबड्या यांची लहान दलदलीची वस्ती वाढते. मात्र वरून येणाऱ्या नियमित आवर्तनाचा आधार नसल्याने ती टिकाऊ नसते. मांजरा धरण कोरडे पडून एप्रिल २०१६ पासून लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तशा वर्षी पाणपक्ष्यांना या भागात थारा राहत नाही. नांदूर मधमेश्वरला कालव्याच्या आवर्तनांमुळे आजवर ही वेळ क्वचितच आली आहे.