ई-पुस्तकाचे पान कोण लावते?

छापील पुस्तकाच्या एका आवृत्तीच्या हजार प्रती घेतल्या, तरी बेचाळिसाव्या पानावरची पहिली ओळ सगळ्या प्रतींत तीच असते. म्हणून तर वर्गात ‘पान ४२ उघडा’ असे म्हणता येते. ई-पुस्तकाच्या बाबतीत ही सोय राहत नाही. तेच पुस्तक एकाच्या मोबाईलवर सहाशे पानांचे, तर दुसऱ्याच्या टॅबलेटवर अडीचशे पानांचे भरू शकते. कुठे तक्त्याचा उजवा रकाना कापला जातो, कुठे परिच्छेदांमधली जागा नाहीशी होते, तर कुठे जोडाक्षरे सुटी पडतात. फाईल तर एकच आहे. मग हा फरक येतो कुठून?

छापखान्यात पान लावण्याचे काम एकदाच होते. ओळ कुठे तोडायची, चित्र कुठे बसवायचे हे ठरले, की ते कागदावर कायमचे उमटते. पीडीएफ हा याचाच संगणकीय अवतार. ॲडोबी कंपनीने १९९३ मध्ये आणलेल्या या प्रकारात प्रत्येक अक्षराची पानावरील जागा ठरलेली असते. त्यामुळे पान सगळीकडे सारखे दिसते, पण मोबाईलच्या लहान पडद्यावर ते मोठे करून डावीउजवीकडे सरकवत वाचावे लागते. ही अडचण टाळण्यासाठी दुसरी वाट काढण्यात आली. तिचे सर्वांत रुळलेले खुले रूप म्हणजे २००७ मध्ये प्रमाण ठरलेला ‘इपब’ हा प्रकार.

पुस्तक उघडून पाहू

हा प्रयोग वर्गात करता येईल. कुलूप नसलेले एखादे इपब पुस्तक संगणकावर घ्या व त्याची एक प्रत काढा. प्रतीच्या नावाचे शेवटचे ‘इपब’ हे शेपूट बदलून ‘झिप’ करा आणि ती उघडा. आत लहान लहान फाईलींचे गाठोडे दिसेल. प्रकरणांच्या फाईली एचटीएमएल या भाषेत, म्हणजे संकेतस्थळांची पाने ज्या भाषेत लिहितात तिच्यात, लिहिलेल्या असतात. त्यांत मजकुरासोबत ‘हे शीर्षक आहे’, ‘हा परिच्छेद आहे’, ‘हा तक्ता आहे’ अशा खुणा असतात. शीर्षक किती मोठे असावे, समास किती सोडावा हे सीएसएस नावाच्या वेगळ्या फाईलीत सांगितलेले असते. पाने मात्र कुठेच सापडत नाहीत.

म्हणजे इपब ही नाटकाची संहिता आहे आणि आपण पडद्यावर पाहतो तो तिचा प्रयोग. पान लावण्याचे काम प्रकाशकाच्या हातून वाचन-ॲपकडे गेले आहे. प्रत्येक ॲप ते नव्याने, त्या क्षणी, त्या पडद्यापुरते करते.

फरक कुठे पडतो?

पहिले कारण उघड आहे. पडद्याची रुंदी बदलली, की ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात.

दुसरे कारण खुद्द वाचक. तो अक्षर मोठे करतो, पार्श्वभूमी काळी करतो, फाँट बदलतो. नजर अधू असलेल्या विद्यार्थ्याला तर याच सोयीमुळे पुस्तक वाचता येते. तेव्हा हा फरक दोष मानता येणार नाही.

तिसरे कारण ॲपच्या आतली आज्ञावली. सीएसएसमधील कोणत्या सूचना पाळायच्या आणि कोणत्या बाजूला सारायच्या, हे निरनिराळी ॲप आपापल्या परीने ठरवतात. काही ॲप प्रकाशकाचा समास व फाँट दूर करून स्वतःचे वापरतात. मे २०२३ मध्ये मान्य झालेल्या इपब ३.३ या मानकात पुस्तक कसे असावे आणि वाचन-प्रणालीने काय करावे, यांचे स्वतंत्र दस्तऐवज आहेत. परंतु जुनी उपकरणे व जुनी ॲप वापरात राहतातच.

चौथे कारण रूपांतर. ॲमेझॉनचे किंडल स्वतःची वेगळी बांधणी वापरते. त्यावर इपब पाठवले, तर आधी त्याचे रूपांतर होते आणि त्यात काही सूचना गळू शकतात.

देवनागरीचा प्रश्न

मराठी पुस्तकात आणखी एक पायरी वाढते. ‘कि’ हे अक्षर साठवताना आधी ‘क’ आणि मग ऱ्हस्व वेलांटी असा क्रम असतो. पडद्यावर मात्र वेलांटी आधी काढावी लागते. ‘क्ष’ हा क, हलन्ताचे चिन्ह आणि ष अशा तीन क्रमांकांनी साठवला जातो. त्यांतून एक आकृती घडवण्याचे नियम काही फाँटमध्ये, तर काही अक्षरजुळणीच्या आज्ञावलीत असतात. यांपैकी एक जरी अपुरी असली, तरी वेलांटी भलतीकडे जाते किंवा जोडाक्षर फुटते.

आपले ‘ल’ आणि ‘श’ हिंदीत रूढ असलेल्या वळणांहून वेगळे आहेत, पण युनिकोडमध्ये दोन्ही वळणांना क्रमांक एकच. काही फाँटमध्ये दोन्ही आकृत्या असतात. पुस्तकाची भाषा मराठी असल्याची नोंद फाईलीत असेल आणि ॲपने ती विचारात घेतली, तरच मराठी वळण दिसते.

युनिकोड रुळण्यापूर्वीच्या अनेक मराठी फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसवलेल्या होत्या. असा मजकूर ई-पुस्तकात तसाच घातला, तर फाँट बदलताच निरर्थक रोमन अक्षरे दिसू लागतात. त्यात शब्द शोधता येत नाही आणि मोठ्याने वाचून दाखवणारी आज्ञावलीही अडते. दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या दृष्टीने ते पुस्तक कोरेच राहते.

अर्थ बदलतो तेव्हा

ओळ कुठेही तुटली तरी अर्थाला धक्का लागत नाही. विज्ञान-गणितात मात्र अक्षराची जागा हाच अर्थ असतो. दहाचा पाचवा घात लिहिताना ५ हा अंक १० च्या डोक्यावर असतो. तो खाली उतरला, तर उरते १०५. एक लाखाचे एकशे पाच झाले आणि वाचणाऱ्याला चूक झाल्याची शंकाही येणार नाही!

हे टाळण्याचा मार्ग आहे. तो अंक ‘लहान आणि थोडा वर’ असे केवळ सीएसएसमध्ये सांगितले असेल, तर ॲपने ती सूचना वगळताच घात हरवतो. तोच ‘हा वरचा अंक आहे’ अशी खूण मजकुरातच केली, तर तो टिकण्याची शक्यता कितीतरी अधिक. समीकरणांसाठी मॅथएमएल ही खुणांची भाषा आहे, पण ती सगळ्या ॲपना सारखी जमत नाही. समीकरणाचे चित्र घातले, तर अक्षर मोठे केल्यावर ते मोठे होईलच असे नाही. शिवाय सोबत शब्दांत वर्णन दिले नसेल, तर ते वाचूनही दाखवता येत नाही.

शिक्षकांनी काय करावे?

आज अनेक शिक्षक स्वतःच्या टिपणांचे ई-पुस्तक करतात. त्यांनी वस्तू कशी दिसावी यापेक्षा ती काय आहे, हे आधी सांगावे. शीर्षक नुसते ठळक न करता शीर्षक म्हणून नोंदवावे. मोकळ्या जागा सोडून तक्ता रचू नये. तो तक्ता म्हणूनच घालावा आणि त्याचे रकाने मोजकेच ठेवावेत. मजकूर युनिकोडमध्ये असावा व भाषेची नोंद मराठी करावी. पानाऐवजी प्रकरण आणि परिच्छेद यांना क्रमांक द्यावेत, म्हणजे वर्गात ‘प्रकरण ३, परिच्छेद ७’ असे सांगता येईल.

शेवटी पुस्तक मोबाईलवर, संगणकावर आणि जमल्यास ई-शाईच्या उपकरणावर उघडून पाहावे. अक्षर सर्वांत मोठे करून, फाँट बदलून आणि काळ्या पार्श्वभूमीवरही. प्रत्येक वेळी घात, तक्ते आणि जोडाक्षरे तेवढी तपासावीत. समास कमीजास्त झाला तर होऊ द्यावा.