ड्रायव्हरच्या सीटखालची टाकी

पाथर्डी तालुक्यातल्या माणसाला लष्करी गाडीचे अप्रूप नसते. तिसगाव, करंजी करत पन्नासएक किलोमीटर गेले की नगर, आणि नगर म्हणजे रणगाड्यांचे गाव. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल तिथे, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचे केंद्र तिथे, लष्करी गाड्यांवर संशोधन करणारी व्हीआरडीईही तिथेच. जनरल बी. सी. जोशी लष्करप्रमुख असताना, फेब्रुवारी 1994 मध्ये, याच गावात कॅव्हलरी टँक म्युझियम सुरू झाले. रोल्स रॉइसच्या चिलखती मोटारीपासून पॅटन रणगाड्यापर्यंतचा ऐवज तिथे मांडलेला आहे. पोरे तोफेच्या नळीखाली उभी राहून फोटो काढतात आणि भेळ खायला पळतात. आत माणूस बसायचा कसा, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

विचारावा असा तो प्रश्न आहे. 16 डिसेंबर 1971 रोजी बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या सेंच्युरियन रणगाड्यात होते, तो ‘फॅमागुस्ता’ पुढे दुरुस्त होऊन नगरच्या याच आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये जतन केला गेला. खेत्रपाल तेव्हा 21 वर्षांचे होते. गाडी पेटली असतानाही त्यांनी ती सोडली नाही, कारण तोफ चालू होती. सेंच्युरियनच्या बुरुजात तिघे बसतात: कमांडर, गनर आणि तोफगोळा भरणारा लोडर. चौथा, म्हणजे चालक, पुढे खाली. चहूकडे लोखंड, मांडीला मांडी, हाताशी गोळे आणि डोक्याशी रेडिओ. उजेड जेमतेम, म्हणून बहुतेक रणगाड्यांना आतून पांढरा किंवा फिका रंग देतात. ब्रिटिशांनी सेंच्युरियनमध्ये विजेवर पाणी उकळायचे भांडेही बसवले होते, म्हणजे चहासाठी बाहेर यायला नको! हे सगळे ध्यानात घेतले की ‘तोफ चालू होती’ या तीन शब्दांचे वजन कळते. जुन्या लष्करी गाडीचा आतला भाग म्हणूनच महत्त्वाचा. बाहेरचे कवच शत्रूसाठी असते, आतले सामान आपल्या माणसासाठी.

रणगाडा काही कुणाच्या वाड्यात येत नाही. जीप येते. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकी कंपन्यांनी मिळून सव्वासहा लाखांहून अधिक जीप काढल्या. युद्ध संपल्यावर त्यांतल्या पुष्कळ इकडे उरल्या, लिलावात गेल्या. 1949 मध्ये महिंद्रने मुंबईत माझगावला विलीज जीपची जोडणी सुरू केली आणि खेड्यापाड्यात जीप रुजली. पुढाऱ्यांच्या दौऱ्याला जीप, लग्नाच्या वऱ्हाडाला जीप, बाजाराच्या दिवशी मागच्या फळीला लोंबकळणारी माणसे घेऊन तीच जीप. त्यातली एखादी युद्धातली अस्सल असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

अशी गाडी हाती लागली की पहिली चूक ठरलेली. आधी हिरवा रंग, मग बॉनेटवर पांढरा तारा. फोटो झकास येतो. आत मात्र फोमच्या सीटवर चकचकीत रेक्झीन, डॅशबोर्डवर ट्रॅक्टरचे मीटर आणि पायाखाली घरातली सतरंजी. मला ही गाडी बहुरूप्यासारखी वाटते. रंग कुठलाही पेंटर आठवड्यात मारून देतो. आतले काम चिकाटीचे, आणि ते सुरू होते ते पान्याने नव्हे, कॅमेऱ्याने. कुठला बोल्ट कुठे होता, कुठली वायर कुठल्या भोकातून गेली, याचे फोटो आणि टिपण झाल्याशिवाय काहीही खोलू नये. फोर्डने तर आपल्या कित्येक सुट्या भागांवर, बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा, इंग्रजी ‘एफ’ उठवले होते. गंजलेला बोल्ट दोन रुपयांचा समजून फेकला की गाडीचा एक पुरावा गेला.

या जीपची पेट्रोलची टाकी चक्क ड्रायव्हरच्या सीटखाली असते, सुमारे 57 लिटरची. पेट्रोल भरायचे तर चालकाने उठायचे, गादी उचलायची आणि मग झाकण उघडायचे. टाकीचा खालचा भाग बसावा म्हणून पत्र्यात एक खोलगट हौद केलेला आहे. युद्धात ही सोय होती, पुढच्या ऐंशी वर्षांत तोच जीपचा सर्वांत मोठा रोग ठरला. दार नाही, छप्पर कापडाचे. पावसाचे पाणी आत येणारच. ते या हौदात साचते, खाली मातीचा चिखल होतो, पाणी जाण्याचे भोक बुजते आणि पत्रा आतून खात जातो. तळाच्या पत्र्याला बळकटी म्हणून खालून लोखंडी पन्हळी पट्ट्या आहेत, आणि मूळ गाडीत त्या पट्ट्यांच्या पोटात लाकूड भरलेले होते. लाकडाने पाणी प्यायले, लोखंडाला पाजले. वरून रंग शाबूत दिसतो आणि स्क्रूड्रायव्हर टेकवला की आरपार जातो. अशा जागी पुट्टी भरून रंग मारणाऱ्या गॅरेजवाल्याला नमस्कार करून गाडी परत आणावी. कुजलेला तुकडा कापून त्याच जाडीचा पत्रा जोडणे हाच इलाज. फिलिपिन्समध्ये या जीपची संपूर्ण बॉडी नवी कोरी बनवून मिळते, पण ती आणली तर दुरुस्ती कशाची केली, हा प्रश्न उरतोच.

जुनी टाकी रिकामी दिसली तरी रिकामी नसते. आत पेट्रोलची वाफ असते आणि वेल्डिंगची ठिणगी लागली तर स्फोट होतो. टाकी बाहेर काढून, नीट धुऊन, जाणकाराकडेच द्यावी.

सीटचे काम त्यामानाने सोपे, आणि आपल्या भागात होण्यासारखे. मूळ गादीवर जाड हिरवट कॅनव्हास होते. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे ज्या तालुक्यातून दरवर्षी निघतात, तिथे ताडपत्री शिवणाऱ्याला जाड कापडाचे भय नसते. त्याच्यासमोर जुने कव्हर उसवून ठेवावे, नवे शिवून हाती येईपर्यंत जुने टाकू नये. टाका किती लांब, दुमड किती, शिवण कुठे दुहेरी, हे सगळे त्या चिंधीत लिहिलेले असते. सुती दोराच वापरावा. नायलॉनचा दोरा टिकतो खरा, पण चमकतो आणि कालांतराने कापडालाच कापतो. पुढची डावी-उजवी सीट एकसारखी नाही, हेही ध्यानात असू द्यावे: शेजारच्याची सीट पुढे कलते, म्हणजे मागच्याला आत शिरता येते, चालकाची सांगाडा धरून पक्की बसते.

खरा खजिना डॅशबोर्डवर. पाच मीटर: वेग, पेट्रोल, विजेचा अॅमीटर, ऑइलचा दाब आणि पाण्याचे तापमान. शेजारी धातूच्या तीन पट्ट्या. एकीवर गाडीचा क्रमांक आणि लष्कराला दिल्याची तारीख, दुसरीवर गिअर व चारही चाकांची ताकद कशी जोडायची याचे चित्र, तिसरीवर कुठल्या गिअरला किती वेगाने पळवायचे याची ताकीद. वरच्या गिअरला मर्यादा ताशी 65 मैल. खाली तीन दांडे, म्हणजे चालकाला दोन हात कमीच पडायचे. स्टार्टरचे बटण पायाशी. आणि दिव्यांचा खटका बघण्यासारखा. तो एकदा ओढला की फक्त मिणमिणते ब्लॅकआउट दिवे लागतात. मोठे दिवे लावायचे तर बाजूची छोटी कळ दाबून मगच पुढे ओढावे लागते. रात्री घाईत हात चुकला तर शत्रूला ताफा दिसू नये, एवढ्यासाठी ही कळ. नव्या जोडणीत तिथे बाजारातला साधा स्विच बसवला की ही सगळी गोष्ट पुसली जाते.

पट्ट्या घासून चमकवू नयेत. अक्षरे वाचता येतात ना, मग पुरे. मऊ कापड, थोडे तेल, बस. मीटरची काच उघडण्याआधी मात्र थांबावे. त्या काळच्या अनेक लष्करी डायलवर अंधारात चमकणारा रंग लावलेला असे आणि त्यात रेडियम असे. चमक गेली म्हणून रेडियम गेले असे नाही. ते निम्मे व्हायला 1600 वर्षे लागतात. असा रंग खरवडायचा नाही, त्याची धूळ उडवायची नाही. जुन्या ब्रेकच्या अस्तरात अॅस्बेस्टॉस असते, तिथेही हाच नियम.

विजेचा मामला 6 व्होल्टचा, वायरींवर सुती वेष्टन. पुष्कळ जण 12 व्होल्ट करून टाकतात. गाडी रोज चालवायची असेल तर मी त्यांना दोष देणार नाही, फक्त जुना वायरिंगचा जुडगा नकाशासकट जपून ठेवावा. महायुद्धातल्या सगळ्या जीप डाव्या बाजूला बसून चालवायच्या. इकडे येऊन स्टिअरिंग उजवीकडे गेले, महिंद्रचे सुटे भाग बसले, डिझेल इंजिन आले. हे सगळे काढून 1943 साल परत आणायचे की ठेवायचे? माझे मत असे: ज्या गाडीने पन्नास वर्षे इथल्या मातीत काम केले, तिचा तो काळही खरा आहे. इंजिनच्या बाबतीत मात्र कायदा वेगळे बोलतो. केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमानुसार पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होते, नंबरात ‘व्हीए’ अक्षरे येतात. पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षे. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला नेता येते. रोजच्या कामाला किंवा भाड्याने लावता येत नाही.

तुमच्या गोठ्यामागे, चुलत्याच्या वाड्यात, एखाद्या बंद पेट्रोल पंपाच्या आवारात अशी जीप पडून असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी दोन गोष्टी करा. डॅशबोर्डवरच्या पट्ट्यांचे आणि चेसिसवरच्या क्रमांकाचे फोटो काढा, आणि आरसी बुक शोधा. कागद नसतील तर पुढचे सगळे अवघड होते.