शाळेने कुणाला वर काढले?

1882 साली इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी रोखठोक हिशेब मांडला. सारा भरतो शेतकरी आणि त्या पैशावर शिकतात वरच्या जातींची मुले. निदान बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, असे त्यांनी बजावले. ते बोलत होते मुंबई इलाख्याबद्दल. पण वऱ्हाडातल्या तेव्हाच्या वणी जिल्ह्याला, म्हणजे आजच्या यवतमाळला, तो हिशेब तितकाच लागू होता.

याला दुसरी बाजूही आहे. शाळा मुलाला नात्यागोत्याच्या चौकटीबाहेर काढते आणि त्याच्या गुणांवर जोखते, असे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ टाल्कॉट पार्सन्स यांनी 1959 मध्ये लिहिले. वसंतराव नाईकांकडे पाहिले की ते पटते. 1913 साली पुसदजवळच्या गहुलीत, बंजारा कुटुंबात जन्मलेला हा मुलगा आसपासच्या गावांत शिकला, अमरावती-नागपूर गाठून वकील झाला आणि 1963 ते 1975 महाराष्ट्राचा मुख्यमंत्री राहिला. तांड्यातांड्यांत आईबापांनी पोरांना शाळेत घातले, त्यामागे या उदाहरणाचे बळ मोठे होते.

पण त्याच पुसद-महागाव पट्ट्यात आजही दिवाळी सरली की मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली जोडपी ऊसतोडीला निघतात. लहानगी सोबत जातात, थोरली भावंडे सांभाळायला जातात. पटावर नाव राहते, बाक रिकामा पडतो. मुलांना गावातच ठेवता यावे म्हणून सरकारने हंगामी वसतिगृहांची योजना आणली. ती वेळेवर सुरू झाली तरच उपयोग. ट्रक निघून गेल्यावर नव्हे.

झरी-जामणी, मारेगाव, केळापूरकडच्या कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, अडचण आणखी खोल आहे. घरी कोलामी बोलणारे सहा वर्षांचे मूल पहिलीत बसते, तेव्हा गुरुजींची मराठी त्याला परकी असते. उत्तर ठाऊक असूनही ते गप्प राहते आणि ‘कच्चे’ ठरते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी 1970 च्या सुमारास हेच दाखवले होते: शाळा काही घरांचीच भाषा आणि रीत प्रमाण धरते, मग त्या घरांतल्या मुलांना हुशार म्हणते. मला पार्सन्सपेक्षा बोर्द्यू यवतमाळच्या अधिक जवळचे वाटतात.

शक्य असेल तिथवर मातृभाषेतून शिकवावे, असे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातच लिहिले आहे. पोडावरच्या पहिलीच्या वर्गात कोलामी बोलणारी एखादी ताई नेमणे अशक्य नाही. जिल्हा परिषदेने आणि आदिवासी विकास विभागाने एवढे तरी येत्या जूनपासून करावे.