ब्रेकची नळी बदलून काय मिळतं?

आता नळीकडे वळू. बाईकवाल्या मंडळींचा हा आवडता प्रश्न: सर, कंपनीची रबरी नळी काढून स्टीलच्या जाळीची, म्हणजे ब्रेडेड लाइन टाकली तर ब्रेक चांगला लागतो का? उत्तर आधीच सांगून टाकतो. ब्रेक चांगला वाटतो. गाडी लवकर थांबते का, हा वेगळा प्रश्न.

द्रव दाबून लहान करता येत नाही, म्हणून तर ही व्यवस्था चालते. कारमध्ये कचकन ब्रेक मारला तर नळीतला दाब १०० बारच्या आसपास जाऊ शकतो. टायरमधली हवा साधारण सव्वादोन बार असते, त्यावरून अंदाज घ्या. एवढ्या दाबाने रबर किंचित फुगतं आणि तेवढी लिव्हरची हालचाल वाया जाते. ब्रेडेड लाइनमध्ये आत टेफ्लॉनची नळी, बाहेरून स्टीलच्या तारांची वीण. ती फारशी फुगत नाही. लिव्हर घट्ट लागतो, आपण किती दाबतोय ते बोटांना नेमकं कळतं. रेसिंगमध्ये याला किंमत आहे.

पण थांबण्याचं अंतर बघा. ताशी ६० किलोमीटर वेग, कोरडा डांबरी रस्ता, बरे टायर: ब्रेक लागल्यापासून साधारण २० मीटर. हे गणित वेग आणि टायरची पकड यांवर चालतं, त्यात नळी कुठेच येत नाही. चाक लॉक करण्याइतका जोर तुमच्या साध्या नळीतूनही जातो. टायर गुळगुळीत झालेत आणि नळी चकचकीत, असली गाडी बघितली की मला हसू येतं.

मग लोक शपथेवर सांगतात, ‘नळी बदलली आणि फरक पडला’, ते खोटं का? नाही. नळी बदलताना जुना द्रव निघतो, नवा भरतो, हवा काढली जाते. मऊ पडलेला ब्रेक बऱ्याचदा त्यानेच सुधारतो. श्रेय मात्र नळीला!

हा द्रव, ज्याला आपण ब्रेक ऑइल म्हणतो, ते ऑइल नाहीच. डॉट ३, डॉट ४ हे ग्लायकॉल जातीचे द्रव, हवेतलं पाणी ओढून घेणारे. डॉट ४ नवा असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ वर येते. आता कोकणात उतरणारा लांब घाट, गाडीत पाच माणसं, गिअर न्यूट्रल आणि पाय सतत ब्रेकवर. कॅलिपर तापतो, द्रव उकळतो, वाफ होते. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल तळाला टेकतं आणि गाडी थांबत नाही. इथे नळी कितीही महागडी असो, उपयोग शून्य. दोन वर्षांनी द्रव बदला आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरा.

नळी बदलायलाच हवी अशीही वेळ येते. रबर बाहेरून तडकलं, ओलसर दिसलं, फुगवटा आला की थांबायचं नाही. कधी बाहेरून ठीक दिसते, पण आतलं अस्तर सुजतं. दाब जातो, परत येत नाही. पॅड घासत राहतो, एक चाक जास्त तापतं, गाडी एका बाजूला ओढते. तेव्हा नवी रबरी नळी टाकली तरी पुरे. ब्रेडेड हवीच असेल तर प्लास्टिकचं आवरण असलेली घ्या. उघडी जाळी कानशीसारखी रंग, वायर, शेजारचं सगळं घासते. हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवून नळी ताणली जात नाही ना, ते बघा. तांब्याचे वॉशर नवेच टाका, जुने पुन्हा बसवायचे नाहीत.

(श्रोत्यांतून प्रश्न: एबीएस असलेल्या बाईकला चालेल का?)

चालेल. पण तिथे नळ्या एबीएसच्या युनिटमधून जातात. हवा त्या युनिटमध्ये अडकली तर काही गाड्यांत स्कॅनर लावूनच काढावी लागते. कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे तो आहे का, हे नळी विकत घेण्याआधी विचारा.