कल्चरमध्ये जंतू नाहीत, मग ही गोळी कशासाठी?

मे महिन्यात नागपुरात लघवीला जळजळ झाली की घरातलं निदान ठरलेलं असतं: उन्हाळी लागली. सब्जा खा, धन्याचं पाणी पी, लिंबू सरबत घे. दोन दिवसांत बरं वाटलं तर प्रश्नच मिटला. पण पावसाळा सरला, दिवाळी झाली, संक्रांत आली आणि तरीही ओटीपोट दुखतंय, तासातासाला लघवीला जावं लागतंय, रात्रीची झोप पुरी होत नाही, तर ती उन्हाळी नव्हे. मग घरात दुसरं निदान येतं, 'इन्फेक्शन', आणि त्यामागून अँटिबायोटिक. आधी पाच दिवसांचा कोर्स, मग सात दिवसांचा, मग 'जरा स्ट्राँग'. मूत्राशयाचं प्रत्येक दुखणं म्हणजे जंतुसंसर्ग, हे मी इतक्या जणींकडून ऐकते की आता स्वस्थ बसवत नाही. रिपोर्टांची जाडजूड फाईल समोर असते, लघवीच्या कल्चरच्या प्रत्येक कागदावर 'नो ग्रोथ', म्हणजे जंतू वाढले नाहीत, असं असतं, आणि मागे जोडलेल्या चिठ्ठीवर तरीही नवं अँटिबायोटिक लिहिलेलं असतं.

जंतू नसताना, दुसरं कोणतंही कारण सापडत नसताना मूत्राशयात सहा आठवड्यांहून जास्त काळ दुखणं, दाब किंवा अस्वस्थता राहते आणि लघवीला वारंवार जावं लागतं, तेव्हा त्याला इंटरस्टिशिअल सिस्टायटिस किंवा ब्लॅडर पेन सिंड्रोम म्हणतात. आजार नवा नाही. बाल्टिमोरच्या गाय हनर यांनी १९१५ च्या सुमारास अशा रुग्णांच्या मूत्राशयातले व्रण नोंदवले होते. ते व्रण थोड्याच रुग्णांत दिसतात. बाकीच्यांचं मूत्राशय दुर्बिणीतून जवळजवळ नेहमीसारखं दिसतं. आतल्या अस्तराचा संरक्षक थर कमकुवत होणं, तिथल्या मास्ट पेशी आणि चेता अतिसंवेदनशील होणं, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडणं अशी कारणं एकमेकांत गुंतलेली असतात. एकच एक कारण अजून हाती लागलेलं नाही.

फरक ओळखायला एक खूण उपयोगी पडते. संसर्गात लघवी होताना आग होते. या आजारात बहुधा मूत्राशय भरत जातं तसं दुखणं वाढतं आणि लघवी झाल्यावर थोडा वेळ उतरतं. खूण शंभर टक्के खात्रीची नाही, पण डॉक्टरांना सांगण्याजोगी नक्की आहे.

यावर हमखास उत्तर मिळतं, 'पण गोळीनं बरं वाटलं होतं ना!' वाटलं असेल. हे दुखणं भरती-ओहोटीसारखं चढतं आणि उतरतं. माणूस गोळी घेतो तो दुखणं सगळ्यात चढलेलं असताना. चार दिवसांनी ते आपल्या क्रमानं उतरतं आणि श्रेय गोळीला जातं. शिवाय गोळीबरोबर बहुतेक वेळा लघवीची आम्लता कमी करणारं सिरपही दिलेलं असतं, जळजळ त्यानं शमलेली असू शकते.

दुसरी शंका रास्त आहे: कल्चर चुकू शकत नाही का? शकतं, दोन्ही बाजूंनी. अँटिबायोटिक सुरू केल्यावर नमुना दिला तर खरा संसर्गही दिसत नाही. उलट, बाटली मे महिन्याच्या उन्हात स्कूटरच्या डिक्कीत काही तास राहिली तर चुकून शिरलेले चार जंतू वाढून भलताच आकडा दाखवतात. म्हणून लघवीची सुरुवातीची धार सोडून मधली धार घ्यावी, औषध सुरू करण्याआधी घ्यावी, आणि नमुना दोन तासांत लॅबमध्ये पोचवावा. ते जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवावा. एवढं नीट करूनही पुन्हा पुन्हा जंतू सापडत नसतील, तर कृपा करून तो रिपोर्ट खरा माना.

अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचना याबाबतीत स्पष्ट आहेत: या आजारात तोंडावाटे दीर्घकाळ अँटिबायोटिक देऊ नये. विनाकारण घेतलेल्या कोर्सची किंमत पुढे मोजावी लागते. मूत्रमार्गाच्या संसर्गात सर्वाधिक आढळणाऱ्या ई. कोलाय जंतूंवर सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी औषधं भारतात किती निष्प्रभ होत चालली आहेत, हे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) अहवालांत वर्षानुवर्षं छापून येतं. याच गटातल्या औषधांनी स्नायुबंध आणि चेतांना होणारी इजा पाहून अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं (एफडीए) २०१६ मध्ये सांगितलं, की साध्या मूत्रसंसर्गाला दुसरा पर्याय असेल तर ही वापरू नका. आपल्याकडे ती अजूनही दुकानात अर्धी स्ट्रिप अशी मागितली जातात.

आणि इन्फेक्शनच्या धोशात खरोखरीचं दुसरं निदान मागे पडतं, याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो. लघवीत पस सेल्स भरपूर आणि साध्या कल्चरमध्ये काहीच नाही, असं वारंवार दिसलं तर आपल्या देशात मूत्रमार्गाच्या क्षयाचा विचार झालाच पाहिजे. त्याचे जंतू साध्या कल्चरमध्ये वाढत नाहीत, वेगळी तपासणी लागते. क्षयाचं निदान आणि औषधं सरकारी रुग्णालयात मोफत आहेत.

'हे सगळं मनाचे खेळ आहेत' हा दुसरा गैरसमज, आणि तो घरच्यांइतकाच दवाखान्यातही भेटतो. अमेरिकेत विकी रॅटनर यांना वैद्यकीय शिक्षण घेत असताना हा आजार झाला, तेव्हा त्यांनाही अनेक डॉक्टरांनी तेच सुनावलं. १९८४ मध्ये त्यांनी रुग्णांची संघटना उभारली आणि संशोधनाला सरकारी पैसा मिळवून दिला. तणावानं दुखणं वाढतं हे खरं. तणाव हे त्याचं मूळ असल्याचा पुरावा नाही. डॉक्टरांनी कमी मात्रेत अमिट्रिप्टिलिन दिलं तर 'मला वेडी ठरवलं' असं समजू नका. ते मूळचं नैराश्यावरचं औषध असलं, तरी इथे चेतांची वेदना कमी करायला देतात.

असेच आणखी काही समज. 'पुरुषांना होत नाही.' होतं, पुष्कळदा प्रोस्टेटच्या नावावर खपतं. 'गर्भाशय काढलं की थांबेल.' दुखणं मूत्राशयाचं असेल तर थांबणार नाही. 'भरपूर पाणी प्या.' बळंच चार-पाच लिटर प्यायलं तर मूत्राशय सतत भरतं आणि दुखतं. सीताबर्डीच्या बाजारात स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून दिवसभर न पिता राहिलं तर लघवी दाट होऊन जाळते. तहानेप्रमाणे, थोडं थोडं प्यावं. 'कीगल व्यायाम करा.' स्नायू आधीच आखडलेले असतील तर त्यानं त्रास वाढतो, तिथे सैल सोडायला शिकवणारी फिजिओथेरपी हवी. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत अशा उपचारानं ५९ टक्के स्त्रियांना आराम पडला, साध्या मसाजनं २६ टक्के.

नागपूरकरांना जिव्हाळ्याचा प्रश्न संत्र्यांचा आणि सावजीचा. आंबट फळं, तिखट, टोमॅटो, चहा-कॉफी यांनी अनेकांचं दुखणं भडकतं, पण सगळ्यांचं सगळ्यानं नाही. उन्हाळीवरचं लिंबू सरबतही एखादीला बाधू शकतं. दोन-तीन आठवडे हे पदार्थ बंद ठेवा, मग एकेक परत आणा आणि लिहून ठेवा. ज्यानं त्रास होत नाही ते आयुष्यभर सोडायची गरज नाही.

आजार मुळापासून घालवणारं औषध आज नाही. आटोक्यात आणणारे उपाय पुष्कळ आहेत. आहार, शेक, फिजिओथेरपी, गोळ्या, मूत्राशयात थेट सोडायची औषधं, व्रण असतील तर दुर्बिणीतून त्यांवर उपचार. या गोळ्यांपैकी पेंटोसन पॉलिसल्फेट दीर्घकाळ घेणाऱ्यांनी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा. पडद्याला होणाऱ्या इजेचा इशारा २०२० पासून अमेरिकेत औषधाच्या माहितीपत्रकावर आहे.

नागपुरात मेडिकल कॉलेजच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयात जा किंवा धंतोली-रामदासपेठेतल्या युरॉलॉजिस्टकडे. जाताना जुने सगळे कल्चर रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा आणि तीन दिवसांची नोंद न्या: किती वाजता लघवी झाली, किती मिली, तेव्हा किती दुखत होतं. लघवीतून रक्त गेलं, एकदाच आणि न दुखता गेलं तरी, नोंदी करत बसू नका. विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांनी आणि चाळिशी उलटलेल्यांनी लगेच तपासून घ्यावं, कारण मूत्राशयाचा कर्करोगही असाच सुरू होतो.