भावकी चिलापीची, भूक वेगळी

निंबर्ग्यात कुणाच्या घरी सिक्लिड माशांचा फिशटँक आला, की बघायला येणाऱ्यांतला एक जण तरी म्हणतोच, "हे तर चिलापीच्या भावकीतले. काहीही टाका, खातील." भावकीचं खरं आहे. १९५२ साली आफ्रिकन चिलापी भारतात आणली गेली, आज ती भीमेच्या खोऱ्यातही सापडते, आणि ती सिक्लिड कुळातलीच. पण चिलापी शेवाळ, गाळ, किडे, सगळं पचवते म्हणून सगळी भावकी पचवेल असं नाही. या कुळात दीड हजारावर जाती आहेत आणि ज्या पाण्यात जी वाढली, त्या पाण्याने तिचं पोट घडवलं आहे.

ओरिनोको नदीच्या खोऱ्यातला रॅम हा मासा वाळू चाळून बारीक किडे, अळ्या टिपतो. उलट मलावी सरोवरातले म्बुना मासे खडकावरचं शेवाळ खरवडून खातात. त्यांचं आतडं लांब असतं. म्हणून "सिक्लिड म्हणजे मांसाहारी" हे निम्मंच खरं. कोंबडीचे किंवा मटणाचे तुकडे तर दोघांनाही नकोत. उष्ण रक्ताच्या प्राण्याची चरबी माशाला नीट पचत नाही, यकृतात साठत जाते. म्बुनाला स्पिरुलिना असलेले दाणे आणि उकडून साल काढलेला मटार द्यावा. रॅमला बारीक दाणे, जोडीला गोठवलेली आर्टेमिया किंवा डॅफ्निया. दुकानदाराकडे मासा मागताना आधी जात विचारावी, मग खाऊ घ्यावा.

"प्रथिनं जितकी जास्त, तितकी वाढ" हा समज आपल्या भागात सगळ्यात महागात पडतो. वाढीला लागतात त्याहून जास्त प्रथिनं पोटात गेली, की त्यांचा अमोनिया होऊन कल्ल्यांवाटे टाकीतच उतरतो. उरलेला खाऊ कुजला की त्यात आणखी भर. आता आपलं पाणी बघा. काळ्या पाषाणातल्या बोअरचं पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी असतं. २५ अंश तापमानाला पाण्याचा सामू (पीएच) ७ असेल, तर एकूण अमोनियापैकी विषारी रूपात अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. सामू ८ झाला की तोच पाच टक्क्यांवर जातो. म्हणजे तेवढ्याच खाऊने जवळपास दहापट विष. त्यात उन्हाळ्यात पाणी तापलं की हा वाटा आणखी वाढतो. मऊ पाण्याच्या गावातल्या मित्राचं प्रमाण इथे तसंच उचलू नये, हे मी कळकळीने सांगतो.

मासा काचेशी येऊन तोंड उघडमिट करतो म्हणजे उपाशी असतो, असंही नाही. माणूस दिसला की खाऊ येतो, एवढं तो शिकलेला असतो. दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच टाकावं. चुरमुरे आणि पोळीचा कुस्करा नकोच. गाणगापूरच्या संगमावर मूठभर चुरमुरे पडले तर नदी वाहून नेते. टाकीतलं पाणी कुठे जाणार? शिवाय रॅमसारख्या किडे खाणाऱ्या माशाला पिष्ट फारसं पचत नाही.

जिवंत ट्यूबिफेक्सला अनेक जण सर्वोत्तम खाद्य मानतात. मासे त्यावर तुटून पडतात, हे खरं. पण हे कृमी सांडपाण्याच्या गाळात वाढतात आणि येताना रोगजंतू घेऊन येतात. नाजूक रॅमसाठी मी ते कधीच सुचवणार नाही.

एक चूक मात्र डोळ्यांना दिसत नाही. बहुतेक माशांचं शरीर क जीवनसत्त्व बनवत नाही, ते खाऊतूनच मिळावं लागतं. डबा उघडला की हवेने आणि उष्णतेने ते झपाट्याने घटतं, आणि कमी पडलं तर वाढत्या माशाचा कणा वाकतो. म्हणून उन्हात टांगलेल्या सुट्या पुड्या घेऊ नयेत. लहान डबा घ्यावा, उघडल्याची तारीख झाकणावर लिहावी आणि दोन-तीन महिन्यांत संपवावा.

लाईट गेली आणि फिल्टर थांबला, तर ती परत येईपर्यंत काहीच टाकू नये. खाऊ पचवायला माशाला जास्त प्राणवायू लागतो आणि त्या वेळी पाण्यात तोच कमी असतो. मोठ्या माशाला एक दिवसाचा उपास सहज सोसतो. पिल्लं असतील तर मात्र फिल्टर सुरू झाल्यावर त्यांना नुकत्याच फुटलेल्या आर्टेमियाचा घास आधी द्यावा.