उताराची परीक्षा

माझ्या पिढीच्या पुणेकराला सायकल कोणी शिकवली असे विचारले, तर बहुतेकांचे उत्तर एकच येईल : भाड्याच्या सायकलींच्या दुकानाने. तासाच्या बोलीवर सायकल आणायची, मधल्या नळीखालून पाय घालून ती दामटायची आणि ढोपर फुटले तरी तास संपण्याआधी परत करायची. सायकल आपल्या मापाची आहे का, हा प्रश्न तेव्हा कोणाला पडत नसे. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी मी पुन्हा तशीच तासांच्या बोलीवर सायकल आणली. फरक इतकाच, की हिची किंमत माझ्या पहिल्या स्कूटरच्या कितीतरी पट होती आणि या वेळी मापाचाच प्रश्न होता.

त्याचे असे झाले. २०२२च्या ऑक्टोबरात कोथरूडच्या म्हातोबा टेकडीवरून उतरताना मी पडलो. पाऊस संपला, की तिथला मुरूम सुटा होतो. ज्वारी सांडलेल्या फरशीवरून चालावे तशी चाके सरकतात. एका वळणावर पुढचे चाक दगडावरून उडाले, ते हवेत असतानाच घाबरून मी ब्रेक दाबला आणि चाक जमिनीला टेकले तेव्हा ते फिरत नव्हते. कॉलर बोन मोडले. हाड तीन महिन्यांत जुळले. भीती काही गेली नाही. पुढची दोन वर्षे मी सायकल डांबरी रस्त्यावरच फिरवली. रविवारी सकाळी टेकडी समोर दिसे आणि मी मान वळवून पुढे जाई.

बरोबरच्या तरुण मंडळींनी उपाय सुचवला. ‘काका, पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली सायकल घ्या.’ माझ्या जुन्या सायकलीला ते फक्त पुढे होते. चौकशी केली तेव्हा कळले, की या जातीची बरी सायकल साधारण दीड लाखाला पडते. आणि ही म्हणे स्वस्तातली. कार्बनच्या सायकली पाच-सात लाखांच्या पुढे जातात! घरात स्वयंपाकाचा ओटा बदलण्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे होते. पत्नी एवढेच म्हणाली, ‘अहो, घ्यायची तर घ्या. पण पुन्हा पडायलाच जाणार असाल, तर ओटाच करून घेऊ.’ म्हणजे निवड चुकली, तर घरातही उत्तर द्यावे लागणार होते.

या सगळ्या प्रकरणाचे मूळ कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत आहे. १९७६ साली तिथल्या काही तरुणांनी जाड टायरच्या जुन्या सायकली डोंगरावरून सोडण्याची शर्यत सुरू केली. मागे पायडल मारले, की लागणारा ब्रेक त्या सायकलींना असे. एका उतारात तो इतका तापे, की आतले ग्रीस जळून जाई आणि नवे भरावे लागे. म्हणून शर्यतीचे नावच पडले ‘रिपॅक’. सस्पेन्शन बरेच पुढे आले. रॉकशॉक्सचा पहिला फोर्क बाजारात आला तो १९८९मध्ये.

सस्पेन्शन हे बुडाला हादरे बसू नयेत म्हणून असते, असा माझा समज होता. तो निम्माच खरा. त्याचे मुख्य काम चाक जमिनीला चिकटवून ठेवण्याचे. चाक जमिनीवर असेल तरच ब्रेक लागतो आणि वळण घेता येते. दहा-बारा हजारांच्या ‘डबल शॉकर’ सायकलींतही स्प्रिंग असते, पण दाबलेल्या स्प्रिंगला सावकाश परत आणणारी यंत्रणा त्यांत बहुधा नसते. त्यामुळे खड्ड्यात सायकल उसळते आणि चढावर पायडल मारले, की पाळण्यासारखी डोलते.

दुकानांत ‘टेस्ट राइड’ म्हणजे गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येणे. गल्लीत सगळ्याच सायकली छान चालतात. अखेर एका दुकानदाराने दोन तासांची मुदत दिली; ओळखपत्र ठेवा आणि ओरखडा आला तर भरून द्या, ही अट. मी दोन सायकली निवडल्या. एकीच्या मागच्या चाकाला १३० मिलिमीटर वर-खाली होण्याची मुभा, दुसरीला १५०. मोजपट्टी म्हणून माझी जुनी सायकल. तिघींना एकच फेरी : तोच चढ, तोच खडकाळ पट्टा आणि शेवटी तेच वळण. वेळ सकाळची सहाची. फिरायला येणाऱ्यांची गर्दी होण्याआधी.

जुन्या सायकलीवर वळणाआधी उतरलो आणि चालत खाली आलो. १३० वालीवर बसलो, तर दगडागणिक दात वाजले. तिच्यावरूनही उतरलो. दुकानात परत नेऊन सांगितले, ‘ही नको.’ तिथल्या मिस्त्री पोराने शॉकवरची रबरी कडी पाहिली. ती जेमतेम सरकली होती. ‘काका, आधीचे गिऱ्हाईक पंचाण्णव किलोचे होते. तुम्ही त्यांच्या हवेवर बसलात.’

माझे वजन बहात्तर. त्याने शॉकमधली हवा कमी केली, मला बसवले आणि पट्टीने मोजले. त्या शॉकचा दांडा एकूण पन्नास मिलिमीटर आत जातो. नुसत्या माझ्या वजनाने तो चौदा मिलिमीटर दबायला हवा होता. म्हणजे पाव हिश्शाहून थोडा जास्त. कारण सोपे आहे. शॉक आधीच थोडा दबलेला असेल, तरच खड्डा आल्यावर चाकाला खाली जायला जागा राहते.

दुसऱ्या रविवारी पुन्हा नेली. सायकल तीच, पण ओळखू येईना. वळणाआधी ब्रेक लावला, दगडाजवळ सोडला, चाक दगडावर चढले आणि जमीन न सोडता पलीकडे उतरले. खाली येऊन थांबलो तेव्हा हात कापत होते, पण भीतीने नव्हे. तेव्हाच एक अप्रिय गोष्ट कबूल केली. दोन वर्षांपूर्वीच्या पडण्यात निम्मा दोष माझ्या बोटांचा होता. सारे खापर जुन्या सायकलीवर फोडणे बरोबर नव्हते.

१५० वालीची हवाही माझ्या मापाने भरून घेतली. तिने तर सगळेच माफ केले. वळण कधी गेले ते कळलेही नाही. पण चढावर ती जड वाटली. आणि जे वळण कळलेच नाही, ते पुढच्या वेळी मी आणखी वेगात घेणार, हेही उमगले. आमच्या टेकडीला एवढी सायकल लागत नाही.

१३० वाली घेतली. त्याआधी आणखी एक प्रश्न विचारला : शॉकची सील आणि सांध्यांची बेअरिंगे गावातच बदलून मिळतात का? अशा सायकलीला स्वतःचा खर्च असतो. पन्नासेक तास चालली, की फोर्क उघडून तेल बदलावे लागते. उत्तर ‘हो’ आले, तेव्हा पैसे मोजले.

ओट्याचे काम पुढच्या दिवाळीवर गेले आहे. रविवारी मी टेकडीवर जातो. त्या वळणावर अजूनही वेग कमी करतो, पण उतरत नाही. निघताना पत्नी घड्याळ बघते आणि दोन तासांची मुदत देते. लहानपणासारखेच आहे, मुदत संपण्याआधी सायकल परत आणायची.